खांब आहे, दार नव्हे

आमच्या घराण्यात ठोकून पाहण्याची मोठी परंपरा आहे. आई माठ घ्यायची तो बोटाच्या पेराने वाजवून. नारळ कानाशी नेऊन असा हलवायची, की नारळवाल्याला वाटावं बाई आत कुणाशी तरी बोलतायत. कलिंगडाला तर ती थापटायची, आणि कलिंगड काय उत्तर देतं याकडे डोळे मिटून लक्ष द्यायची. आमच्या काकांनी मुलीचं स्थळ पाहायला गेल्यावर होणाऱ्या व्याह्यांच्या पाठीवर जी थाप मारली, ती प्रेमाची होती की तपासणीची, यावर घरात अजून एकमत नाही. मी स्वतः बँकेत कारकून. माझा तर धंदाच तपासण्याचा. सही ताडून पाहायची, नोट उजेडात धरायची, आणि समोरचा माणूस वीस वर्षं रोज येत असला तरी त्याच्याकडे त्याच्या असण्याचा पुरावा मागायचा.

पण या सगळ्या ठोकाठोकीतली एक गोष्ट लक्षात यायला मला सेहेचाळीस वर्षं लागली. आम्ही ठोकतो ते घेताना. विकताना आमच्यापैकी कुणी कधी काही ठोकून पाहिलं आहे, असं काही आठवत नाही.

याला अपवाद एकच, आमचे बाबा. बाबा ठोकायचे ते ना घेताना, ना विकताना. कुडाळच्या बाजूला आमचं कौलारू घर आहे. (होतं. या एका 'होतं'साठीच हा लेख लिहितोय.) त्या घराच्या पडवीला फणसाचे सहा खांब. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी, आंबे उतरून झाले आणि आभाळ भरून यायला लागलं, की बाबा कोयती घेऊन पडवीत यायचे आणि तिच्या पाठीने एकेका खांबाला ठोकत जायचे. वर ठोकायचे, मध्ये ठोकायचे आणि मग उकिडवे बसून अगदी बुडाशी ठोकायचे. चांगलं लाकूड 'ठण्' असं बोलतं. ज्याच्या पोटात काही बिघडलंय ते 'भद्' असं बोलतं. आम्हा मुलांना वाटायचं, हा वटपौर्णिमेसारखाच काहीतरी धार्मिक विधी असणार. सहावा खांब झाला, की बाबा "हं" म्हणायचे आणि आंघोळीला जायचे.

बाबा गेल्यावर बारा वर्षं त्या खांबांना कुणी ठोकलं नाही. खांबांनीही तक्रार केली नाही. खांबांचं हेच वाईट असतं. नळ गळला तर टपटपतो, पंखा बिघडला तर कुरकुरतो. खांब मात्र शेवटच्या दिवसापर्यंत सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा ताठ उभा राहतो आणि मग एकदम रजेवर जातो.

आई गेल्यानंतर घर गणपतीपुरतं उघडायला लागलं. अशाच एका गणपतीत मी पडवीत बसून चप्पल घालत होतो. तिसऱ्या खांबाच्या बुडाशी रंगाला फोड आलेला दिसला. मी सहज अंगठ्याने दाबला, तर अंगठा श्रीखंडात जावा तसा आत गेला. क्षणभर तो आत होता आणि मी बाहेर. मग मी अंगठा काढून घेतला, रंगाचा पापुद्रा होता तसा दाबून बसवला आणि वरच्या खिळ्याला माझी ओली छत्री अडकवली. छत्रीच्या टोकाने ती जागा बरोबर झाकली गेली. मी ठोकलं नाही, हे कृपया लक्षात ठेवा. मी फक्त दाबलं. पुढे दोन वर्षं या फरकावर मी झोपत होतो.

मग घर विकायचं ठरलं. दादा डोंबिवलीला. त्याची कंपनी बंद पडलेली आणि मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी ठाण्याला, डोक्यावर घराचं कर्ज. स्वतःच्याच बँकेचं कर्ज असलं की माणूस रोज सावकाराच्या घरी नोकरीला जातो. गिऱ्हाईक मिळालं तेही कसं, तर घाटावरचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. नवराबायको दोघंच. उरलेलं आयुष्य कोकणात काढायचं हे त्यांचं स्वप्न, आणि भविष्यनिर्वाह निधीची सगळी रक्कम त्या स्वप्नात घालायची तयारी. मास्तर येण्याआधी दादाने घराला रंग दिला. भिंतींना पांढरा आणि खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट, दोन हात. माझा पापुद्रा, माझा अंगठा आणि माझी दोन वर्षं त्या चॉकलेटी रंगाखाली गुळगुळीत झाली. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

त्या सुखावर घाला घातला आमच्या चिरंजीवांनी. आजोबांच्या कोयतीची गोष्ट मीच त्याला कधीतरी रंगवून सांगितलेली. (मुलांना गोष्टी सांगाव्यात, पण निवडून.) मास्तर यायच्या आदल्या दिवशी हा लाटणं घेऊन पडवीत आला आणि ठोकत सुटला. ठण्, ठण्, भद्.

"बाबा, हा वेगळा बोलतो," चिरंजीव म्हणाले.

"कशाला ठोकतोस रे?" दादा आतून ओरडला. "खांब आहे तो, दार नव्हे!"

वाक्य मोठं बिनतोड होतं. दारावर ठोकायचं ते आतून कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून. खांबाने उत्तर देऊ नये, अशी दादाची अपेक्षा होती.

रात्री जेवणानंतर मी विषय काढला. मी कॉमर्सचा पदवीधर. बी. कॉम. होऊन पंचवीस वर्षं झाली, आणि जे काही आठवतं ते नेमकं नको तेव्हा आठवतं. मर्कंटाइल लॉच्या पेपरात 'ग्राहका, तू सावध राहा' हे तत्त्व आम्ही घोकलं होतं. माल घेणाऱ्याने बघून घ्यावा, विकणारा बांधील नाही. दादाही तेच म्हणत होता. पण ते तत्त्व मालाचं. घराची गोष्ट वेगळी. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा जो कायदा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्यावर पहिलंच बंधन हे घातलं आहे, की मालमत्तेतला मोठा दोष जर विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. मी हे सगळं दादाला सांगितलं. दादा मेकॅनिकल ड्राफ्ट्समन. त्याने शांतपणे बडीशेप तोंडात टाकली.

"माहीत असेल तर, असंच म्हणालास ना?"

"हो."

"मला माहीत नाही. मी ठोकलेलं नाही. तुला माहीत आहे?"

मी छत्रीकडे बघत राहिलो. दादाने एका वाक्यात १८८२ सालच्या कायद्याचा खांब पोखरून ठेवला होता. कायदा माहीत असलेलं सांगायला लावतो. माहीत करून घ्यायला कोण लावतो? ज्याने ठोकलं तो अडकला, ज्याने नाही ठोकलं तो मोकळा. म्हणजे बाबा जन्मभर कोयती घेऊन स्वतःला अडकवून घेत होते, आणि आम्ही दोघं भाऊ मोकळे होतो.

आमच्या हिने यावर वेगळाच प्रकाश टाकला. ती म्हणाली, "तुम्ही बघायला आलात तेव्हा तुमच्याकडच्यांनी कुठे सांगितलं होतं, मुलगा घोरतो म्हणून? आता चहापोह्यांत साधारण काळजी घेऊन मी ते कसं शोधणार होते?"

"घोरणाऱ्याला स्वतःला माहीत नसतं," मी म्हणालो.

"आईंना होतं," ही म्हणाली आणि भांडी घासायला गेली. विषय तिथे संपला नाही, पण पुढे वाढलाही नाही. वीस वर्षांच्या संसारात कलम ५५ एकदा लावायला घेतलं, तर कुणाचंच खरेदीखत टिकणार नाही.

ठाण्याला स्टेशनजवळ रद्दीच्या दुकानात मला वीस रुपयांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. नीतिशास्त्राचे उतारे. मुखपृष्ठ नव्हतं म्हणून वीस, नाहीतर पंचवीस. त्यात क्लिफर्ड नावाच्या गृहस्थांचा १८७७ सालचा एक निबंध होता. हे गृहस्थ धंद्याने गणिती, आणि तेहतिसाव्या वर्षीच गेले. गणिती माणसाने नीतीवर लिहिलं की हिशेब फार कडक लागतो. त्यांनी गोष्ट सांगितली आहे एका जहाजमालकाची. जहाज जुनं, मुळातच फार चांगलं बांधलेलं नाही, वारंवार दुरुस्त केलेलं. देश सोडून निघालेली गरीब कुटुंबं त्यात बसवून समुद्रापार न्यायची आहेत. मालकाच्या मनात येतं, एकदा तपासून घ्यावं काय? पण तपासणी म्हणजे खर्च. मग तो मनाची समजूत घालतो. एवढ्या सफरी झाल्या, एवढी वादळं झाली, काही झालं नाही. वर देव आहेच. हळूहळू त्याला मनापासून खात्री वाटायला लागते. जहाज निघतं आणि भर समुद्रात बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो आणि गप्प बसतो.

आता क्लिफर्डसाहेब म्हणतात, माणूस दोषी आहे हे तर उघडच. त्याचा विश्वास खरा होता, पण तो विश्वास ठेवायचा त्याला अधिकार नव्हता, कारण तो तपासून मिळवलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. इथपर्यंत मी मान डोलावली. पण पुढे ते म्हणतात, समजा जहाज बुडलं नाही. सुखरूप पोचलं. तरीही तो तितकाच दोषी. फक्त सापडला नाही, इतकंच.

हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा अति वाटलं होतं. बँकेत आम्ही न बुडालेल्या गोष्टींचा विचार करत नाही, बुडालेल्यांनाच वेळ पुरत नाही. पण पडवीत बसून तिसऱ्या खांबाकडे बघताना वाटलं, या गणिती माणसाने आपला अंगठा पाहिला होता की काय. शंका 'दाबून' हा शब्द त्याने नेमका कुठून आणला?

आणि बँकेचंच म्हणाल, तर आमच्या धंद्यात ही कला काही अगदी अपरिचित नाही. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम. मग एखाद्या कर्जदाराला एकोणनव्वदाव्या दिवशी नवं कर्ज मंजूर होतं, आणि त्यातून जुना हप्ता भरला जातो. इंग्रजीत या प्रकाराला सदाहरित ठेवणं म्हणतात. नाव एखाद्या वृक्षारोपण समारंभासारखं असलं, तरी काम पुट्टीचंच. खातं वरून चॉकलेटी दिसतं. अंगठा कुणी दाबायचा नाही, एवढीच अट.

आता थोडं लाकडाविषयी सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं लाकूड म्हातारं झालं की कुजतं. तसं नाही. कूज ही बुरशी असते, आणि ती जेवायला बसते. तिला चार गोष्टी लागतात: लाकूड, हवा, ऊब आणि पाणी. पहिल्या तीन कोकणात फुकट. चौथीही फुकटच, पण तेवढी एकच माणसाच्या हातात आहे. लाकडात वीस टक्क्यांच्या आत ओलावा राहिला, तर बुरशीला जेवण सुरू करता येत नाही. इंग्रजीत 'कोरडी कूज' म्हणून एक प्रकार आहे, त्यावरून गैरसमज होतो. कुजून झाल्यावर लाकूड कोरडं होऊन चौकोनी तुकड्यांनी बिस्किटासारखं तुटतं म्हणून ते नाव. पाणी तिलाही लागतंच. उलट पूर्ण पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही म्हणून ते शतकानुशतकं टिकतं. व्हेनिस शहर तशा खुंटांवर उभं आहे. वाईट ते अर्धवट ओलं.

हे ज्ञान मला माझ्या भाच्याने दिलं. भाचा अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तरेला असतो. तिथे त्याने ओंडक्यांचं घर घेतलं. आपण भिंतीला विटा रचतो तसे अख्खे ओंडके आडवे रचलेले. व्हिडिओ कॉलवर घर बघून आमची ही म्हणाली, "वखारीत राहायला गेलाय का?" पण घर देखणं होतं. दोन हिवाळ्यांनंतर कळलं, की जमिनीलगतचे तीन ओंडके आतून गेले आहेत. पन्हळ नाही, वळचण तोकडी. छपराचं पाणी जमिनीवर पडून त्याचे शिंतोडे रोज तळच्या ओंडक्यांवर. पण खरी गंमत पुढे आहे. आधीच्या मालकाला लाकडाच्या वरच्या अंगाला भेगा दिसल्या होत्या. त्याने त्या भरून टाकल्या आणि वरून जाड चकचकीत लेप दिला. लाकूड आणि भराव यांच्यामधून पाणी आत शिरतच राहिलं, फक्त आता त्याला बाहेर वाळायला वाट राहिली नाही. न झाकता ठेवलं असतं तर ते लाकूड अजून दहा वर्षं टिकलं असतं, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं.

"पण विकताना त्याने काही सांगितलं नाही?" मी विचारलं.

"मामा, इथे फॉर्म असतो. कूज आहे का, गळती आहे का, असं विचारतात. पुढे तीन रकाने. आहे, नाही, आणि माहीत नाही."

"मग त्याने?"

"तिसऱ्यावर खूण केली होती."

सातासमुद्रापलीकडे, बर्फात, लाकडाच्या घरात, आमचा दादा बसला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि बाई आल्या. मास्तरांनी विहिरीत डोकावून पाहिलं. बाईंनी मागच्या अंगणात तुळशीची जागा ठरवली. त्यांनी आणलेली चिक्कीची पिशवी वहिनीच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "आता आमचं घर म्हणून यायचं हं गणपतीला." मग मास्तर पडवीत आले. सरावाने त्यांनी तिसऱ्याच खांबावर हात ठेवला. शिक्षक माणूस, वर्गात ज्याने अभ्यास केलेला नाही तोच त्यांना बरोबर दिसत असणार. त्यांनी बोटाच्या पेराने खांब वाजवला. छातीच्या उंचीवर. तिथे लाकूड उत्तम होतं. ठण्.

"मजबूत आहे हो!" मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले.

"हूं," मी म्हणालो.

या 'हूं'चा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर दादाचं नुकसान. मराठी भाषेने या दोहोंच्या मध्ये 'हूं' नावाची जी जागा ठेवली आहे, तिथे माणूस जन्मभर राहू शकतो. ना भाडं, ना घरपट्टी. मास्तर तर खांबाच्या त्या भागाबद्दल बोलत होते जो खरोखरच मजबूत होता. म्हणजे माझा 'हूं' छातीच्या उंचीवर खराच होता. बुडाशी तेवढा गेलेला होता.

मास्तर कुडाळला लॉजवर मुक्कामाला गेले. सकाळी येऊन विसार द्यायचा ठरला.

रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो. पडवीत उजेड दिसला. दादा तिसऱ्या खांबापाशी उकिडवा बसला होता, अगदी बाबा बसायचे तसा. एका हातात मोबाइलची बॅटरी आणि दुसऱ्या हातात घराची किल्ली. जुन्या पितळी कुलपाची ती टीचभर लांब किल्ली. ती त्याने खांबाच्या बुडाशी टेकवली आणि ढकलली. कड्यापर्यंत आत गेली. त्याने काढली. दुसऱ्या बाजूने ढकलली. तिकडूनही गेली.

मी मागे उभा आहे हे त्याला कळलं असावं. तो वळला नाही.

"आईला सारवायला लागू नये म्हणून घातल्या रे लाद्या," तो म्हणाला.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं. आमच्या खांबांखाली तळखडे होते. दगडाचे, वीतभर उंच. खांबाचं बूड जमिनीला लागू नये, म्हणून जुन्या लोकांनी केलेली व्यवस्था. लाकूड आडवं कमी पाणी पितं, उभं टोकाकडून मात्र दोऱ्या-दोऱ्यांतून पेंढ्याने सरबत ओढावं तसं वर ओढतं. म्हणून टोक दगडावर ठेवायचं. आईचे गुडघे गेले तेव्हा दादाने बोनसचे पैसे घालून पडवीला लाद्या बसवल्या. जमीन वीतभर वर आली, तळखडे पुरले गेले, आणि गवंड्याने खांबांच्या बुडाभोवती सिमेंट छान गोल फिरवून दिलं. आई किती खूश झाली होती! शेजारणींना बोलावून पुसून दाखवायची. तेव्हापासून तिसरा खांब, जिथे कौलांतून थोडं गळायचं, तो पाय पाण्यात घालून उभा होता. वरून ऑइलपेंट.

म्हणजे दादा ठोकत नव्हता तो फक्त मास्तरांच्या पैशांसाठी नव्हे. ठोकलं असतं तर आतून जे उत्तर आलं असतं, त्यात त्याचं नाव होतं. आणि मी इतके दिवस कलम ५५ च्या उंचीवरून त्याच्याशी बोलत होतो.

मी त्याच्या शेजारी बसलो. मला दोन वर्षांपासून माहीत आहे, हे त्याला सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. तिथेही मी 'हूं'च केलं.

सकाळी मास्तर आले. चहा झाला. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, आणि ते बाहेर येता येता माझ्या तोंडून निघालं, "मास्तर, तो खांब जरा खाली ठोकून पाहा ना."

शौर्य म्हणायचं तर ते इतकंच. 'खांब कुजला आहे' असं मी म्हणालो नाही. पाहा म्हणालो. त्यांनी शोधावं, कलमात बसावं, आणि मी सांगणारा ठरू नये, अशी एक कारकुनी पळवाट त्या वाक्यालासुद्धा होती.

"खाली म्हणजे?" मास्तर म्हणाले.

दादा उठला आणि आत गेला. मला वाटलं, आता हा पुन्हा माझं तोंड बघणार नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बाबांची कोयती होती. मूठ मास्तरांकडे करून त्याने ती पुढे केली.

"हिच्या पाठीने ठोका," दादा म्हणाला. "बोटाने कळत नाही. आणि पाचवाही बघा."

पाचव्याचं मला खरोखरच माहीत नव्हतं.

व्यवहार मोडला नाही. दीड लाख रुपये कमी झाले. दुरुस्ती मास्तरांनी करायची असं ठरलं, पण सुतार आमच्या ओळखीचा म्हणून मीच घेऊन गेलो. सुताराने सिमेंटचं कडं छिन्नीने उडवलं, आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"खांबाचे पाय पाण्यात ठेवलात आणि वरसून रेनकोट घातलात," तो म्हणाला. "मगे तो कुजतलो नाय तर काय करतलो?"

तुळईला टेकू दिला. ट्रकचा जॅक आणून ती दोन बोटं वर उचलली. घर कण्हलं, पण उठलं. खांबाचं बूड हातभर कापून काढलं. कूज दिसते तिथे थांबायचं नाही, त्याच्या पुढे चांगल्या लाकडात जाऊन कापायचं, हा त्याचा नियम. मग नवा सागाचा तुकडा अर्ध्याला अर्धं सांधून, बोल्ट मारून जोडला. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड पाण्यात कालवून पाजलं. ते ओल्या लाकडात आतपर्यंत झिरपतं आणि बुरशीला विष होतं. मात्र पावसाचं पाणी थेट लागत राहिलं तर धुऊनही जातं. म्हणून खाली पुन्हा दगड, आणि दगड लादीच्या वर. ऑइलपेंट खरवडून काढला. मी हे सगळं भाच्याला मोबाइलवर दाखवलं. त्याने उत्तरादाखल रशियातल्या किझी बेटावरच्या ओंडक्यांच्या चर्चची फिल्म पाठवली. १७१४ सालचं, बावीस घुमटांचं. त्याचा वरचा डोलारा आतल्या पोलादी सांगाड्यावर तोलून धरून खालचे थर काढले, कुजलेले ओंडके बदलले आणि परत बसवले. सुताराला दाखवली. तो बराच वेळ बघत होता. म्हणाला, "त्येंचो जॅक मोठो आसा."

एकूण खर्च बावीस हजार रुपये. हा आकडा दादाला कळला त्या दिवसापासून तो माझ्याशी तीन महिने बोलला नाही. दीड लाख सोडले आणि काम बावीस हजारांत झालं! कोयती आणून देणं वेगळं आणि भावाला क्षमा करणं वेगळं. माझ्या वाट्याला पाऊण लाख कमी आले, त्याचे हप्ते मी अजून भरतोय. दर महिन्याच्या पाच तारखेला सत्याचा भाव मला पासबुकात छापून मिळतो.

मागच्या मे महिन्यात मास्तरांचा फोन आला. पावसाआधी कौलं चाळायला माणूस माळ्यावर चढला होता. माजघराच्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक मऊ लागलं. घाबरण्यासारखं नाही, सुतार येतोय, सहज कळवलं, असं म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं,

"हे तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

"नाही," मी म्हणालो. आणि ते शंभर टक्के खरं होतं. मला खरोखर ठाऊक नव्हतं. माळ्यावर मी चढलोच नव्हतो. त्या दिवशी सकाळी कोयती हातात असताना, दादा पाचव्या खांबाचं सांगत असताना, वर बघावं असं माझ्या मनात आलं होतं. पण शिडी मोडकी होती.

"बरं," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

ते 'बरं' कसं वाजलं, ठण् की भद्, हे मी तेव्हापासून आठवून पाहतो आहे.